राज्य तुमच्यावर आलंय: नव्या ग्रामपंचायतीस खुलं पत्र

देवगड तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावच्या नव्या सरपंचताई आणि नऊ सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

निकाल लागला त्या संध्याकाळी मी तुळशीपुढे दिवा लावत होते. खालच्या रस्त्याने तुमची मिरवणूक आली. ढोल, गुलाल, पिकअपच्या टपावर उभी राहिलेली मुलं, आणि त्या सगळ्या गजरातून उठलेली एक आरोळी: "आता पाच वर्सा आमचाच राज्य!" दहापंधरा गळ्यांनी ती उचलली आणि पारापर्यंत नेली. आरोळी देणारा मुलगा चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता. मला बघताच तो गाडीवरून उतरला, गुलालाचे हात मागे घेऊन वाकला आणि म्हणाला, "बाई, आशीर्वाद द्या." मी दिला. मनापासून दिला, कारण तो मुलगा कष्टाळू आहे आणि पुरात खालच्या वाडीतली माणसं काढायला पहिला तोच पाण्यात उतरला होता.

पण रात्री झोप लागेना. तेहेतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. वहीत चुकीच्या जागी पडलेला शब्द दिसला की त्याभोवती लाल शाईने गोल काढायची सवय आहे. त्या रात्री 'राज्य' या शब्दाभोवती माझ्या मनात तसाच गोल पडला, आणि तो अजून पुसलेला नाही. हे तुम्हाला घरी बोलावूनही सांगता आलं असतं. पण आरोळी सगळ्या गावाने ऐकली आहे. ती ऐकून खालच्या वाडीतली एक बाई दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "बाई, आता आमचा पाणी बंद करतले." ती काही वेडी नाही. मागे एका पंचायतीच्या काळात ज्या वाडीने 'आपल्या' पॅनेलला मतं दिली नाहीत, त्या वाडीच्या नळाची दुरुस्ती दोन उन्हाळे लांबली होती. मी स्वतः तेव्हा रहिवासी दाखल्यासाठी गेले असताना मला विचारलं गेलं, "बाई, तुमचा मत कोणाक?" मी उत्तर न देता परत आले. दाखला पुढच्या महिन्यात मिळाला. हे सगळं ज्या शब्दाच्या आडोशाने चालतं, त्या शब्दाबद्दलच मला बोलायचं आहे, आणि म्हणून हे पत्र उघडं आहे.

तुम्ही लहानपणी शाळेच्या मागच्या आंब्याखाली खेळायचात ते आठवा. लपाछपी, डबा ऐसपैस, सूरपारंब्या. खेळ सुरू करताना पहिला प्रश्न काय असायचा? राज्य कोणावर? हात उताणे-पालथे करून एकेक जण सुटायचा, शेवटी एकटा उरायचा, आणि सगळे ओरडायचे, "राज्य तुझ्यार इला!" ज्याच्यावर राज्य यायचं त्याचा चेहरा पडायचा. कारण राज्य म्हणजे काम. लांब भिरकावलेला डबा धावत जाऊन आणायचा तो राज्यवाल्याने. वर्तुळात ठेवायचा त्याने. कुंपणाआड, गोठ्यामागे, करवंदीच्या जाळीत शिरून एकेकाला शोधायचं त्याने, आणि शोधताना एक डोळा सतत डब्यावर ठेवायचा. बाकीचे सावलीत दडून बसायचे आणि तो एकटा उन्हात पळायचा.

मराठी मुलांनी या शब्दाला किती मोठा अर्थ दिलाय हे मला शिक्षिका होऊन वीस वर्षं झाल्यावर कळलं. मधल्या सुट्टीत एक मुलगी रडत आली. "बाई, ह्यो राज्य न देता पळालो." तिच्या आवाजात जो संताप होता तो पट्टी चोरल्याच्या तक्रारीत नसायचा. आपल्या मुलांच्या न्यायात राज्य न देता पळून जाणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. हरलेला चालतो, पडलेला चालतो, पण अंगावर आलेलं राज्य टाकून घरी जेवायला गेलेला चालत नाही. त्याला म्हणतात रडीचा डाव. आणि त्याच खेळात दुसराही नियम असतो. धाकटं भावंड कडेवरून उतरून खेळायला आलं, तर ते लिंबूटिंबू. त्याला खेळात घ्यायचं, त्याने हात लावला तर मोजायचं नाही, आणि त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही. जो अजून पेलू शकत नाही त्याला सांभाळून घेत खेळायचं, हा नियम सहा वर्षांच्या पोरांनी स्वतः केलेला असतो.

आता तुमच्या आरोळीकडे परत येते. व्याकरणात बघा. मोठ्या माणसांच्या भाषेत आपण म्हणतो, लोकांवर राज्य करणे. मुलांच्या भाषेत आपण म्हणतो, माझ्यावर राज्य आलं. 'वर' हे शब्दयोगी अव्यय दोन्हीकडे तेच. फक्त एका वाक्यात राज्य आणि राज्य करणारा दोघे मिळून लोकांच्या डोक्यावर बसतात, आणि दुसऱ्या वाक्यात राज्य येऊन तुमच्या खांद्यावर बसतं. आपल्या मालवणीत तर 'वर' झिजून नुसता 'आर' उरतो, माझ्यार, तुझ्यार, आणि त्या एका अक्षरात सगळं वजन मावतं. मिरवणुकीत "आमचाच राज्य" म्हटलंत, ते "आमच्यार राज्य इला" असं म्हटलं असतंत, तर ती खालच्या वाडीतली बाई त्या रात्री शांत झोपली असती.

कोणी म्हणेल, बाई, मुलांच्या खेळातला अर्थ पंचायतीला कसा लावता? पण या मातीत मोठ्यांनीही तो अर्थ जपलेला आहे. वेंगुर्ल्याकडे आरवलीला वेतोबाच्या देवळात गेलात का कधी? नवस फेडायला लोक तिथे केळ्यांचे घड देतात, आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला देतात. का देतात हे तुमच्यातल्या प्रत्येकाच्या आजीला माहीत असतं. वेतोबा रात्री गावातून फिरतो, राखण करतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात. नव्या घालायला हव्यात. ज्याला आपण गावाचा मालक मानतो त्याच्याकडून आपली अपेक्षा ही: सगळे झोपले की त्याने चालावं. रत्नागिरीकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. एरवी आपण देवळात जातो, पण वर्षातून एकदा देव आपल्या उंबऱ्याशी येतो, ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याच्याही आणि ज्याने देवळाची वर्गणी दिली नाही त्याच्याही. गाऱ्हाणं घालताना आपण त्यालाच "बा देवा म्हाराजा" म्हणतो आणि सगळा गाव "व्हय म्हाराजा" असा एकदम आवाज देतो. गाऱ्हाण्यात मागणं काय असतं? गुराढोरांना, लेकराबाळांना, परगावी मुंबईला गेलेल्या चाकरमान्याला, सगळ्यांना सांभाळ. त्या यादीत मी आजवर कोणाचं पॅनेल ऐकलेलं नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण कोकणाने 'राज्य करणे' हा पहिला अर्थही पुरेपूर भोगलेला आहे. आमच्या आजीच्या तोंडी 'राजा' हा शब्द लाडात यायचा, "माझ्या राजा, जेव रे" असा. पण 'खोत' हा शब्द आला की तिचा आवाज खाली जायचा. सरकारचा सारा गोळा करणारा म्हणून जो बसला, तो हळूहळू जमिनीचा, झाडांचा आणि माणसांच्या वेळेचाही मालक झाला. पीक कापलं की अर्धेल, तिर्धेल जे ठरेल ते त्याच्या खळ्यात आधी जायचं आणि वेठीला बोलावणं आलं की आपलं शेत टाकून जावं लागायचं. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडवे गावाशी ज्यांचं नातं, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. तिकडे अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला. खोताच्या जमिनी कसायच्या नाहीत, उपाशी राहायचं, पण कसायच्या नाहीत, असं त्यांनी ठरवलं आणि निभावलं. खोती नाहीशी करणारा कायदा शेवटी १९४९ साली झाला. आपल्यापैकी कित्येकांच्या सातबाऱ्यावर आज आपलं नाव आहे ते या सगळ्या खटाटोपामुळे. खोत गेला. माझी काळजी एवढीच आहे की त्याची बोलण्याची रीत मागे राहू नये.

ती कुठे राहते ते सांगते. आमच्याकडे मोठ्या घरच्या माणसाला अजून "सरकार" म्हणून हाक मारतात. फारसीत हा शब्द सर आणि कार मिळून झाला, म्हणजे कामाचा मुख्य. मूळ शब्दात काम आहे, पण हाकेतून ते गळून गेलं आणि मुख्य तेवढा उरला. 'शासन' तर आणखी विचित्र शब्द. पाटीवर, गाडीवर, कागदावर तो राज्यकारभार म्हणून लिहिलेला असतो, आणि वर्तमानपत्रात "गुन्हेगाराला कठोर शासन व्हावे" असं छापून येतं तेव्हा तोच शब्द शिक्षा होतो. संस्कृतातल्या ज्या 'शास्' धातूपासून तो आला, त्याचा अर्थ शिकवणं, वळण लावणं, आज्ञा करणं. 'शिष्य' आणि 'शास्त्र' ही त्याच घरची भावंडं. म्हणजे एका टोकाला गुरुजी, दुसऱ्या टोकाला छडी, आणि मध्ये तहसील कचेरी. मी शिक्षिका असल्याने हे मला आतून माहीत आहे. ज्या दिवशी माझा अभ्यास झालेला नसायचा त्या दिवशी माझा आवाज चढायचा. शिकवणं कमी पडलं की छडीचा अर्थ पुढे येतो, घरात येतो, वर्गात येतो, आणि पंचायतीतही येतो.

'अंमल' या शब्दापाशी मात्र थोडं थांबा, कारण मला तो सगळ्यात धोक्याचा वाटतो. आपण म्हणतो इंग्रजी अंमल, पोर्तुगीज अंमल, म्हणजे सत्ता. आणि आपणच म्हणतो दारूचा अंमल, अफूचा अंमल, अंमली पदार्थ, म्हणजे नशा. एकाच शब्दात मराठीने दोन्ही ठेवलं. मूळ अरबीत त्याचा साधा अर्थ होता काम, कृती, वागणं. तो साधा अर्थ आपल्याकडे 'अंमलबजावणी' या लांब शब्दात जिवंत आहे. आता बघा, काम हा अर्थ टिकवायचा तर त्याला 'बजावणी'ची जोड द्यावी लागते. ती जोड सुटली की नुसता अंमल उरतो, आणि नुसता अंमल चढतो. मी या गावात तो चढलेला पाहिला आहे. चांगल्या घरची, मेहनती, काल रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावर सगळ्यांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, दोराला हात लावणारी माणसं निवडून आल्यावर सहा महिन्यांत खुर्चीतून उठेनाशी झाली. त्यांना कोणी वाईट केलं नाही. आजूबाजूची माणसं रोज थोडं थोडं पाजत गेली: "साहेब, तुम्ही बसा", "साहेब, तुम्ही कशाला येता, आम्ही बघतो." तुम्हालाही पाजतील. पहिला घोट त्या मिरवणुकीत झाला.

आता 'कौल'. तुमच्या विजयाचा फलक पारावर लागला आहे, त्यावर लिहिलंय, जनतेने दिलेला कौल शिरसावंद्य. शब्द सुंदर आहे, आणि आपल्या गावाला तो वर्तमानपत्रातून शिकावा लागलेला नाही. देवाला कौल लावताना गुरव पाकळ्या किंवा पानं लावतो, सगळे श्वास रोखून बघतात, उजवी पडते की डावी. आचऱ्याला रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव, म्हातारी माणसं, गुरं, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. गावपळण म्हणतात तिला. हजारो माणसांनी एकदम घरं सोडावीत इतकं त्या एका शब्दात बळ आहे. पण त्या बळाची जुनी बाजू दस्तऐवजांत सापडते. 'कौल' म्हणजे अरबीत दिलेला शब्द, वचन. पूर्वी परगणा ओस पडला, लढाईत रयत परागंदा झाली, की राज्यकर्ता कौलनामा द्यायचा: परत या, जमीन कसा, इतकी वर्षं सारा माफ, पुढे इतकाच घेऊ, जास्त घेणार नाही. वचन वरून खाली यायचं. राज्यकर्ता द्यायचा आणि रयत घ्यायची. आज आपण म्हणतो लोकांनी कौल दिला, म्हणजे वचन खालून वर गेलं. ठीक आहे, लोकशाही आहे, लोकांनी आपला शब्द दिला. मग तुमचा शब्द कुठे आहे? कौल हा दोन बाजूंचा कागद असतो. तुमच्या बाजूचा कागद गावाला अजून मिळालेला नाही. प्रचारातल्या पत्रकाला मी तो मानत नाही, कारण त्यावर तुमच्या सह्या नव्हत्या, फोटो होते.

तुम्ही भाषणात महाराजांचं नाव घेतलंत, घ्यायलाच हवं, आपण त्यांच्या किल्ल्यांच्या सावलीत वाढलो. विजयदुर्ग आपल्याच तालुक्यात आहे, सिंधुदुर्ग पलीकडे मालवणात. पण घोषणा देऊन झाल्यावर एकदा त्यांच्या मुद्रेतला शेवटचा शब्द वाचा. "शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते." ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते. 'राजते' हे क्रियापद 'राज्' धातूचं, आणि त्याचा अर्थ चमकणं, शोभणं. विराजमान हा शब्दही त्याच उजेडाचा. त्या श्लोकात ती मुद्रा कोणावर राज्य करते असं कुठेच म्हटलेलं नाही. ती शोभते, आणि कशासाठी शोभते तेही लगेच सांगितलंय, भद्राय. कल्याण नसेल तर शोभा नाही, इतकं सोपं.

आणि त्यांचं एक पत्र तर आपल्याच भागात आलेलं आहे. १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना महाराजांनी लिहिलं. प्रभावळी म्हणजे आजच्या लांजा तालुक्यातलं प्रभानवल्ली. त्यात सुभेदाराला काय हुकूम आहे? गावोगाव फीर. प्रत्येक गावात शेतकरी गोळा कर. कोणाकडे माणूसबळ आहे, कोणाकडे बैल नाहीत, कोणाच्या घरी खायला दाणे नाहीत, ते विचार. ज्याला बैल नाही त्याला बैलासाठी पैसे दे, पोटाला धान्य दे, आणि त्याला जेव्हा शक्य होईल तेव्हा हळूहळू परत घे. रयतेच्या भाजीच्या देठाचासुद्धा मोह नको, असंही त्यात बजावलंय. राज्याभिषेकाला दोन वर्षं झाली होती. रायगडावर सिंहासन होतं, छत्र होतं. तरी आपल्या सुभेदाराकडून महाराजांनी मागितलं ते गावोगावचं चालणं. वेतोबाच्या चपला आणि रामाजी अनंतांची पायपीट यांत मला काही फरक दिसत नाही. आपल्या दहा जणांच्या पंचायतीला सहा वाड्या आहेत. खालच्या वाडीपासून वरच्या वाडीपर्यंत चालायला पाऊण तास लागतो. माझ्या गुडघ्यांना सव्वा तास.

मला रत्नागिरीत बदली असताना रोज थिबा राजवाड्यावरून जावं लागायचं. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. मायदेशापासून शेकडो कोस दूर, समोर आपला समुद्र. त्याच्यासाठी हा वाडा १९१० साली बांधून पुरा झाला आणि १९१६ साली तो इथेच वारला. तीस वर्षं राज्य नव्हतं, पण लोक त्याला राजाच म्हणत होते आणि वाड्याला आजही राजवाडाच म्हणतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला विचारलं होतं, "बाई, राज्य गेलं तरी तो राजा कसा?" मी तेव्हा काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं. आज तो प्रश्न मला वेगळा ऐकू येतो. नाव टिकायला राज्य लागत नाही, राज्य टिकायला नाव पुरत नाही.

राज्याचे शब्द दगडावरही उरतात. अलिबागजवळ आक्षीला जो शिलालेख आहे, तो शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा मानतात. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत त्याची गणना होते, आणि तो आपल्या किनाऱ्यावर आहे याचा मला फार अभिमान वाटतो. त्यात राजाला पश्चिमसमुद्राधिपती, कोकणचक्रवर्ती म्हटलंय. इतक्या मोठ्या पदव्या लावून शेवटी दगडावर कोरलं काय, तर दान. हजार वर्षांनी लोक तिथे वाकून अक्षरं लावतात ती त्या दानासाठी खोदलेल्या लेखाची.

आता थोडं कायद्याचं, कारण तुमच्यातले सातजण पहिल्यांदा निवडून आलेत. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आहे, त्याला पुढे त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीचं बळ मिळालं, ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली. तेव्हापासून ग्रामसभा ही घटनेत नाव असलेली सभा आहे. गावातल्या मतदार यादीतला प्रत्येक माणूस तिचा सदस्य. तुम्ही पाच वर्षांसाठी आहात आणि ती कायमची आहे. गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, यांपैकी जे कमी असेल ते लागतात. आपल्याकडे ते कसे भरतात हे तुम्ही जाणता: वही घरोघर फिरते आणि सह्या होतात. ही वही या वेळी फिरवू नका. माझ्याकडे आली तर मी सही करणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. माणसं कमी आली तर सभा तहकूब करा, पुन्हा बोलवा, दवंडी पिटा, शाळेतल्या मुलांच्या हाती चिठ्ठ्या द्या. चाकरमानी गणपतीला आणि मे महिन्यात गावात असतात, तेव्हा एखादी जादा सभा घ्या. त्यांच्या घरांना कुलूप असलं तरी घरपट्टी त्यांची येते.

आणखी दोनतीन शब्द मला तुमच्या कारभारातून काढून हवेत. फलकांवर 'लाभार्थी' लिहिणं कमी करा. घरकुल मिळालेली बाई ही गावची नागरिक आहे, तिचा हक्क तिला मिळाला आहे, तिने लाभाची याचना केलेली नाही. तिला घराच्या दारात उभं करून फोटो काढू नका. 'विरोधक' हा शब्द पंचायतीच्या इतिवृत्तात नको, तिथे सदस्याचं नाव लिहा. आणि "आमच्या काळात रस्ता झाला" असं कोणी लिहायला सांगितलं तर रस्ता कोणाच्या पैशाने झाला तेही त्याच ओळीत लिहा.

सरपंचताई, तुम्हाला वेगळं एक वाक्य. स्त्रियांना निम्म्या जागा मिळाल्यापासून मी अनेक सरपंचबाई पाहिल्या. कित्येकींच्या खुर्चीवर नवरा बसायचा, लोक त्यालाच सरपंच म्हणायचे आणि ती आत चहा करायची. राज्य तुमच्यावर आलंय. तुमच्या यजमानांवर आलेलं नाही, दिरांवर नाही, पॅनेलप्रमुखावरही नाही. खेळात एकाचं राज्य दुसऱ्याने घेतलेलं मुलंसुद्धा चालवून घेत नाहीत. तुम्ही शाळेत कवायतीत पुढे उभ्या राहायचात आणि तुमचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जायचा, मला आठवतोय तो.

माझी मागणी छोटी आहे. कौलाचा तुमच्या बाजूचा कागद गावाला द्या. एक पान पुरे. पाच वर्षांत प्रत्येक वाडीत काय करणार, नळाची दुरुस्ती कोणत्या क्रमाने करणार, तो क्रम मतांवर ठरणार की विहिरी किती लवकर आटतात त्यावर, हे त्यात लिहा. खाली दहाही जणांच्या सह्या हव्यात, हरलेल्या पॅनेलमधून आलेल्या तिघांच्यासुद्धा, कारण राज्य त्यांच्यावरही आलेलं आहे. तो कागद पंचायतीच्या फलकावर काचेच्या आत लावा. दर सहा महिन्यांनी काय झालं, काय राहिलं ते त्याच्याशेजारी लावा. राहिलं असेल तर राहिलं म्हणा. लोक रागावतील, पण विश्वास ठेवतील.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा कागद वाचला जावा अशी माझी विनंती आहे. दिवस प्रजासत्ताकाचा आहे. 'सत्ता' या शब्दाचा मूळ अर्थ नुसता असणे, अस्तित्व. प्रजेने तिथे असावं, म्हणजे प्रजासत्ता, असा मी त्याचा अर्थ मुलांना सांगत आले.

मी सकाळी झेंडावंदनाला शाळेत असेन आणि तिथून थेट सभेला येईन. खालच्या वाडीतल्या चौघीजणींना बरोबर आणणार आहे. त्यांतली ती पाण्याची धास्ती घेतलेली बाईसुद्धा यायला तयार झाली आहे, मात्र तिला जमिनीवर बसवत नाही. तेव्हा पुढच्या रांगेत दोन बाकं मांडून ठेवा, आणि तिचा प्रश्न विषयपत्रिकेत पहिला घ्या, कारण तिला बाराच्या आत घरी जाऊन सासूला जेवायला वाढायचं असतं.

आपली,
गावच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका